रानातलं, की रानात गेलेलं?

तुमच्या फीडमध्ये असा एखादा व्हिडिओ एकदा तरी येऊन गेला असणार. दाढी वाढलेला एक गोरा माणूस, पाठीवर भली मोठी सॅक, मागे बर्फाचे डोंगर. दोन दिवस चढून तो एका उतारावर पोहोचतो, डोक्याच्या वर गेलेल्या झुडपांत शिरतो, पंजासारख्या पानांवरून हात फिरवतो आणि कॅमेऱ्यात बघून जाहीर करतो की, सापडलं! जगातलं ओरिजिनल, शंभर टक्के जंगली झाड. मग तुमच्यापैकी कुणीतरी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकतं आणि खाली लिहितं, 'सेमिस्टर संपली की इथेच जायचं.'

हे झाड गांजाचं. भांग, गांजा, चरस ही नावं आपण वेगवेगळी घेतो, पण झाड एकच. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि त्याच फुलोऱ्यावरच्या चिकट राळेचा चरस. जगाच्या कानाकोपऱ्यात जाऊन या झाडाचे जुने, स्थानिक वाण शोधणाऱ्यांना 'स्ट्रेन हंटर' म्हणतात. मी हा विषय डेस्कवर मांडला, तेव्हा सीनियर मॅडमनी चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं की, तुला स्टोरी हवीय की ट्रिप? खरं सांगायचं तर तेव्हा मला दोन्ही हवं होतं. वाचायला लागल्यावर मात्र एका साध्या प्रश्नाने माझी पार विकेट काढली. हे लोक ज्याला 'जंगली' म्हणतात, ते खरंच जंगली आहे का?

गावरान म्हणजे काय?

आधी हे लोक नेमकं शोधतात काय, ते समजून घेऊ. आपल्याकडे गावरान कोंबडी, गावरान वांगं, गावरान मूग म्हणतात ना, तसंच. एकाच खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलं, तिथल्या थंडीला, पावसाला, दिवसाच्या लांबीला सरावलेलं बियाणं. हिमालयातलं झाड थंडी जोरात पडायच्या आत पिकतं. विषुववृत्ताजवळचं झाड मात्र पिकायला कितीतरी जास्त वेळ घेतं, कारण त्याला घाईच नसते. रशियाच्या थंड मैदानांतलं एक ठेंगणं रूप तर दिवस लहान व्हायची वाटही बघत नाही, ठरावीक वय झालं की फुलतं. १९२४ मध्ये एका रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची नोंद 'रुडेरालिस' या नावाने केली. आज जगभर विकल्या जाणाऱ्या 'ऑटोफ्लॉवर' बियाण्यात हाच गुण घेतलेला आहे. कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या रस्त्याकडेच्या झुडपात करोडोंच्या धंद्याचं बीज होतं.

म्हणजे ही शोधाशोध निव्वळ नशेसाठी नाही. जुन्या वाणांमध्ये रोगाला तोंड द्यायची, कमी पाण्यात तगायची, थंडी सोसायची ताकद असते. औषधं शोधणाऱ्यांनाही ते हवे असतात. वाण गेला की तो पुन्हा कारखान्यात बनवता येत नाही.

पहिला शिकारी कॅमेऱ्याविना गेला

हे वेड आजचं नाही. १७५३ मध्ये लिनियसने या झाडाला 'कॅनाबिस सटायव्हा' असं नाव दिलं, तेव्हा त्याच्यासमोर युरोपातलं दोरखंडाचं झाड होतं. १७८५ मध्ये फ्रान्सच्या लामार्ककडे भारतातून गेलेले नमुने आले. त्याला ते वेगळे वाटले आणि त्याने नाव ठेवलं 'कॅनाबिस इंडिका'. आज जगभर दुकानांच्या पाट्यांवर जो 'इंडिका' शब्द दिसतो, त्यातला 'इंड' म्हणजे आपणच.

पण खरा भटक्या म्हणाल तर निकोलाय वाविलोव्ह. हा रशियन शास्त्रज्ञ १९२४ मध्ये अफगाणिस्तानात गेला. रस्ते नाहीत, नकाशे अर्धवट, सोबत घोड्यांचा काफिला. तो गहू, राई, फळं अशी सगळ्या पिकांची मूळ रूपं शोधत होता. हिंदुकुशच्या पूर्व खोऱ्यांत त्याला आपोआप वाढलेली गांजाची झाडं दिसली आणि त्यांचीही त्याने नोंद केली. त्याच्या लक्षात आलेली गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. हे झाड घनदाट अरण्यात नाही, तर माणसाच्या वस्तीभोवती वाढतं. उकिरड्यावर, गुरं बसतात तिथे, सोडून दिलेल्या तळांवर. त्याला खतावलेली माती आवडते आणि ती माणूस जिथे जातो तिथे तयार होते. माणसाने झाडाला शोधलं असं आपण समजतो, पण झाडच माणसाच्या मागे मागे फिरत होतं.

वाविलोव्हचा शेवट ऐकून वाईट वाटतं. स्टालिनच्या राजवटीत त्याला अटक झाली आणि १९४३ मध्ये साराटोव्हच्या तुरुंगात त्याचा उपासमारीने मृत्यू झाला. त्याच सुमारास लेनिनग्राडला जर्मन फौजांचा वेढा पडला होता. त्याने उभारलेल्या बियाण्यांच्या संग्रहात धान्याची पोती होती, पण तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याला हात लावला नाही. त्यांतले काही जण भुकेने गेले. बी जपणं म्हणजे काय, हे कुणी विचारलं तर मी आता हीच गोष्ट सांगते.

मग हिप्पी आले

साठ-सत्तरच्या दशकात इस्तंबूलहून निघून अफगाणिस्तान, भारत करत काठमांडूपर्यंत जाणाऱ्या तरुणांची एक लाट आली. जाताना ते चरस ओढत गेले आणि येताना खिशात बिया घेऊन परतले. कॅलिफोर्निया आणि नेदरलँड्समध्ये त्या बियांचे एकमेकांशी संकर झाले. बुटकं, झटपट पिकणारं अफगाणी झाड, उंच वाढणारं भारतीय किंवा मेक्सिकन झाड, असं करत करत नवे हायब्रीड तयार झाले. त्यांची ताकद जास्त, पीक जास्त, पॅकेट आकर्षक. 'हिंदुकुश', 'मलाना' ही नावं आता ब्रँड झाली.

पुढे याच धंद्यातले लोक उलट्या दिशेने निघाले. आम्सटरडॅममध्ये या बियाण्याचा व्यवसाय करणारे अर्जन रोस्काम आणि फ्रँको लोया यांनी 'स्ट्रेन हंटर्स' नावाने डॉक्युमेंटरी काढल्या. मलावी, मोरोक्को, कोलंबिया, आपलं हिमाचल असे ते फिरले. ही भटकंती खोटी नव्हती. २०१७ च्या जानेवारीत काँगोमधल्या अशाच कामादरम्यान मलेरिया होऊन फ्रँको लोयाचा मृत्यू झाला. जीव धोक्यात घालून हे लोक जात होते, हे मान्यच करायला हवं.

पण आता तुम्ही थोडं हिशेबाने बघा. डोंगरातून बी निघालं, परदेशात गेलं, त्याचा हायब्रीड झाला, त्याची पॅकेटं झाली आणि ती पॅकेटं पर्यटकांच्या सॅकमधून पुन्हा त्याच डोंगरात पोहोचली. इथे गोष्ट बिघडते. या झाडात नर आणि मादी वेगवेगळे असतात आणि परागकण वाऱ्यावर उडतात. किती लांब? मोरोक्कोमधल्या शेतांतले परागकण समुद्र ओलांडून स्पेनच्या किनाऱ्यावर मोजले गेले आहेत! एका गेस्ट हाऊसच्या अंगणात कुणी हौसेने लावलेलं परदेशी बियाण्याचं एक नर झाड अख्ख्या खोऱ्यातल्या पुढच्या पिढीत मिसळू शकतं. कुंपण घालून हे थांबत नाही.

२०२० मध्ये मॅकपार्टलंड आणि स्मॉल या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी दक्षिण आणि मध्य आशियातल्या या झाडांची नवी वर्गवारी मांडली. त्यातल्या हिमालयातल्या आपोआप वाढणाऱ्या रूपाचं नाव 'हिमालयेन्सिस'. हे जुने वाण संकरामुळे धोक्यात आहेत, असंही त्यांनी त्याच लेखात लिहिलं. ज्याच्या शोधात सगळे निघालेत, ते शोधणाऱ्यांच्याच पायवाटेवर पुसलं जातंय.

मोरोक्कोचं पाणी

तुम्ही म्हणाल, हायब्रीड आलं तर बिघडलं कुठे? पीक तर वाढलं ना? मग मोरोक्कोच्या रिफ डोंगरात चला. तिथला जुना वाण 'बेल्दिया'. या शब्दाचा अर्थच मुळी 'गावठी'. हिवाळ्याच्या शेवटी पेरायचा आणि बराचसा पावसाच्या पाण्यावर सोडायचा. मग तिथे 'खर्दाला'सारखे हायब्रीड आले. पीक दणदणीत, पण त्यांना उन्हाळाभर पाणी लागतं. विहिरी खोल गेल्या, पंप बसले, ज्याच्याकडे पाणी त्याचं पीक. उसाची आणि विहिरींची गोष्ट ज्यांनी आपल्या गावात बघितली आहे, त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. २०२१ मध्ये मोरोक्कोने औषधी आणि औद्योगिक वापरासाठी लागवडीचा कायदा केला आणि आता परवान्याखाली बेल्दियाही लावली जाते. गावठी म्हणून नाक मुरडलेल्या वाणाकडे परत यावं लागलं.

आणि 'जंगली'चं काय?

आता पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाकडे. २०२१ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. वेगवेगळ्या देशांतल्या ११० झाडांचे जनुकीय नकाशे शास्त्रज्ञांनी तपासले. निष्कर्ष असा की, हे झाड सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी पूर्व आशियात माणसाच्या हाताखाली आलं. आणि पुढचा मुद्दा आपल्या व्हिडिओवाल्या मित्राची झोप उडवणारा आहे. खऱ्या अर्थाने जंगली असलेला त्याचा पूर्वज बहुधा नामशेष झालाय. आज जे 'जंगली' दिसतं, ते कधीकाळी शेतातून निसटून रानात गेलेलं आहे.

गावातली भटकी मांजर आणि वाघ यांत जो फरक, तोच इथे. भटकी मांजर जंगली नसते, ती कुणाच्या तरी घरातून बाहेर पडलेल्या मांजरीची नात असते. म्हणजे डोंगरात ज्या 'माणसाचा स्पर्श न झालेल्या' झाडापुढे कॅमेरा लावला जातो, त्याच्यात माणसाचा स्पर्श हजारो वर्षांचा आहे. मग प्रश्न उरतो, तो स्पर्श कुणाचा?

डब्यातल्या बिया

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही सहा जण ट्रेकसाठी कुमाऊंला गेलो होतो. मुन्स्यारीहून परतताना अल्मोड्याच्या अलीकडे एका छोट्या ढाब्यावर थांबलो. आलू के गुटके आले आणि सोबत करड्या-हिरव्या रंगाची चटणी. कशाची, विचारलं, तर भांगेची! माझा घास हातातच राहिला. ढाब्यावरच्या आमा, म्हणजे आजी, आमच्याकडे बघून खूप हसल्या. चटणी बियांची असते. बिया भाजायच्या, जिरं, मिरची, लिंबू, मीठ घालून पाट्यावर वाटायच्या. बियांनी नशा होत नाही. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २०२१ मध्ये या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली आहे.

आमांनी आम्हाला गोठ्यामागे नेऊन झाडं दाखवली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती दरवर्षी आपोआप येतात. कुणी पेरत नाही, कुणी उपटतही नाही. बिया चटणीला, खोडाच्या सालीचा वाख दोराला. पूर्वी त्याच धाग्याचं जाडंभरडं कापडही विणत, त्याला गढवालकडे भांगेला म्हणतात. मी विचारलं, ही झाडं जंगली आहेत का? त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. गोठ्यामागचं झाड जंगली कसं असेल?

मला त्याच क्षणी वाविलोव्हचा उकिरडा आठवला असता तर लेखासाठी छान झालं असतं, पण तेव्हा मी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. तेव्हा मी फक्त फोटो काढले.

याच ट्रिपमध्ये आमची फजितीही झाली. ग्रुपमधल्या एकाने वहीत वाळवून ठेवायला, आठवण म्हणून, रस्त्याकडेचा एक शेंडा खुडला होता. पुढे नाक्यावर गाड्या तपासत होते. ड्रायव्हरदादांनी आरशातून विचारलं आणि याचा चेहरा पांढराफटक. दादांनी गाडी बाजूला घेऊन त्याला तो फेकायला लावला आणि पुढचा तासभर आम्हा सगळ्यांना जे सुनावलं, ते इथे छापता येणार नाही.

दादा बरोबर होते. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात पानं आणि बिया 'गांजा'च्या व्याख्येत येत नाहीत, पण फुललेला शेंडा येतो. वहीत ठेवला म्हणून तो नमुना होत नाही. थोड्या प्रमाणात जवळ सापडलं तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि परवान्याशिवाय झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत. झाड आपोआप रस्त्यावर उगवतं म्हणून ते तोडायची मोकळीक आहे, हा आपला गैरसमज. परदेशी शिकाऱ्यांसाठी तर आणखी एक दार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार परदेशी व्यक्तीला वा कंपनीला इथलं जैविक साधन संशोधनासाठी किंवा धंद्यासाठी न्यायचं असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. बियाण्यातून फायदा झाला तर तो जपणाऱ्यांपर्यंत पोहोचावा, हा त्यामागचा विचार. सॅकच्या कप्प्यात बिया टाकून विमानात बसणाऱ्याच्या व्हिडिओत हा भाग कधी दिसत नाही.

कायद्याने दिलं, पण बी कुठलं?

गंमत बघा, दार उघडतंय तेव्हाही आमांची झाडं बाहेरच राहतायत. धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी द्यायची तरतूद एनडीपीएस कायद्यातच आहे. ती वापरून उत्तराखंडने २०१८ मध्ये देशात पहिल्यांदा व्यावसायिक लागवडीचा परवाना दिला. अट अशी की, झाडात नशा आणणारं टीएचसी हे द्रव्य ०.३ टक्क्यापेक्षा कमी हवं. पण डोंगरातल्या बऱ्याच स्थानिक झाडांत ते यापेक्षा जास्त असतं. म्हणजे कायद्याने शेती करायची तर बी बाहेरून आणा. ते बी आलं की वारा त्याचं काम करणारच. ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे झाड गोठ्यामागे राहू दिलं, त्यांचं बी ना परवान्यात बसतं, ना पॅकेटमध्ये.

मला वाटतं, यावर उपाय नाही असं नाही. स्थानिक झाडांतूनच कमी टीएचसीची झाडं निवडून त्यांची पैदास करता येते. त्याला वेळ लागतो, विद्यापीठं लागतात, तुमच्यासारखी बॉटनी आणि बायोटेकची मुलं लागतात. जम्मूमध्ये सीएसआयआरच्या संस्थेत औषधी वापरावर काम चालू आहे. हिमाचल सरकारनेही पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडे लागवडीचा अभ्यास सोपवला आहे.

आपल्या घराजवळचं

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर वेरूळला जा. तिथल्या लेण्यांच्या गिलाव्यात गांजाच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत. पुरातत्त्व खात्यात काम केलेले राजदेव सिंह आणि मराठवाडा विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी ते २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडलं. तुलना करायला त्यांनी जालना परिसरातली झाडं घेतली होती. अजिंठ्याच्या गिलाव्यात हे तंतू नाहीत आणि तिथे किड्यांनी चित्रांचं बरंच नुकसान केलं. वेरूळचा गिलावा शतकानुशतकं टिकला. तो कालवणाऱ्या कारागिराचं नाव आपल्याला माहीत नाही.

नाव माहीत असलेलं उदाहरणही आपल्याकडेच आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. भाज्या, भात, कडधान्यं यांचं गावरान बियाणं त्यांनी घरात जमवलं, बायकांना वाटलं आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी बी 'शोधलं' असं आपण म्हणत नाही. त्यांनी ते जपलं, असं म्हणतो. या दोन शब्दांमधला फरक मला हा लेख लिहिताना कळला.

तेव्हा पुढच्या ट्रिपला डोंगरात जाल, तेव्हा जा जरूर. चटणी खा, दोर कसा वळतात ते बघा, शेंडा खुडू नका, बाहेरचं कुठलंही बी खिशातून नेऊ नका आणि आणूही नका. आणि कुणी झाडापुढे उभं राहून 'आम्ही शोधलं' म्हणत असेल, तर कॅमेऱ्याच्या मागे बघा. तिथे बहुतेक वेळा एखादा गोठा असतो आणि ते झाड कधीपासून तिथे आहे हे सांगू शकेल अशी एक आमा. तिला विचारायला आमच्यासारखे विसरू नका. मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.